वीज आल्याची खूण : मराठवाड्यातील पंप आणि विद्युद्दाब ओळखण्याच्या साधनांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या गारखेडा भागात पुंडलिकनगर ही दाट वस्ती आहे. वस्तीतील जलकुंभात येणारे पाणी पैठणजवळच्या नाथसागर जलाशयातून, सुमारे पन्नास किलोमीटरांचे अंतर कापून येते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. जलाशयाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे. शहर साधारणतः ५६८ मीटर उंचीवर वसलेले आहे. शंभर मीटरांहून अधिक असा हा चढ पाण्याला स्वतःहून चढता येत नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने बांधविलेल्या नहरीचे पाणी उताराने शहरात येई. तिला माणसांची देखभाल लागे, परंतु बाहेरची शक्ती लागत नसे. नाथसागराचे पाणी मात्र विजेवाचून पाऊलभरही पुढे सरकत नाही. पंपगृहाची वीज तासभर गेली, तर पुंडलिकनगरच्या नळांचे वेळापत्रक त्याहून कितीतरी अधिक काळ विस्कटलेले राहते, याचे कारण हेच.

हा अनुभव शहरवासीयांच्या अंगवळणी पडलेला आहे. तांत्रिक इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्यातील एका लहानशा क्षणाकडे जावयास हवे. तो क्षण वीज जाण्याचा नव्हे, वीज परत येण्याचा होय. मोठ्या पंपगृहात उच्च दाबाच्या वाहिनीवर एक विभव रोहित्र बसविलेले असते. ते मूळ दाबाचे ११० व्होल्टपर्यंत उतरवलेले प्रतिरूप मोजयंत्रांना आणि रिलेंना पुरविते. वीज आली हे त्यावरून कळते. परंतु कळताक्षणीच पंप सुरू केले जात नाहीत. पाळीवरचा कर्मचारी दाब स्थिर होईपर्यंत थांबतो, एक पंप सुरू करतो, त्याची गती पूर्ण झाली की दुसऱ्याकडे वळतो. पैठण आणि शहर यांच्यामधल्या शेतशिवारांतही त्याच सायंकाळी वीज परत आलेली असते. तेथे विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे, पत्र्याच्या पेटीत स्टार्टर आहे. मात्र पाळीवर कोणी नाही. मोटारीचा धनी दोन किलोमीटर दूर गावात आहे आणि वीज आली किंवा कसे, हे त्यास ठाऊक नाही.

विद्युद्दाब ओळखण्याच्या साधनांचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो : अमुक साली अमुक प्रयोगशाळेत अमुक साधन सिद्ध झाले, असा. मराठवाड्याच्या, किंबहुना महाराष्ट्राच्या कृषिपंपांच्या संदर्भात तो तसा लिहिला तर मुख्य गोष्ट निसटते. येथे दाब ओळखणे हे काम तुलनेने लवकर आणि स्वस्तात साधले. ओळखल्यावर किती वेळ थांबावयाचे, हे साधनाला शिकविणे मात्र फार उशिरा जमले. आणि त्या मधल्या काळाची किंमत जळालेल्या मोटारींच्या व रोहित्रांच्या रूपाने मोजली गेली. पुढील विवेचन या विधानाच्या समर्थनार्थ आहे.

दाब ओळखण्याची सर्वांत परिचित साधने दोन, दिवा आणि टेस्टर. टेस्टरमधील निऑन दिवा अमेरिकेत डॅनियल मूर याने १९१७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लहान दिव्याच्या वंशातला आहे. साठ ते नव्वद व्होल्टच्या आसपास तो पेटतो आणि मोठ्या रोधामुळे त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प राहतो. त्याची खरी मर्यादा निराळीच आहे. टेस्टर हाती धरणाऱ्या माणसाच्या देहातूनच तो अल्प प्रवाह जमिनीकडे जातो. म्हणजे दाब ओळखणारा माणूस स्वतःच परिपथाचा एक भाग होतो. शिवाय शेजारच्या जिवंत तारेमुळे बंद तारेवर जो क्षीण प्रेरित दाब येतो, तेवढ्यानेही निऑन उजळतो. तुटलेल्या फेजवर टेस्टर लागलेला पाहून ‘वीज आहे’ असे समजणारे आणि पुढे कोड्यात पडणारे लोक गावोगावी आढळतात, त्याचे कारण एवढेच.

दिव्याची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. स्टार्टरच्या पेटीवर किंवा विहिरीजवळच्या खांबावर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे लावून घरूनच त्यांच्याकडे पाहण्याची रीत अनेक गावांत होती. तिन्ही दिवे पेटले म्हणजे थ्री फेज आला; दोनच पेटले म्हणजे शेताला उपयोग नाही. या रचनेत दिवा एका बाजूला असतो, डोळा दुसऱ्या बाजूला असतो आणि दोहोंमध्ये प्रकाशाखेरीज कोणताही दुवा नसतो. दाबाची बातमी येते, दाब येत नाही. अर्धसंवाहकांच्या साहाय्याने पुढे जे साधले गेले त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

रिले हे तिसरे साधन. तारायंत्राच्या काळात दूरवरून क्षीण होऊन आलेल्या प्रवाहाने लोहचुंबक जागवून त्याच्याकरवी दुसरा, ताजा परिपथ जोडावयाचा, ही कल्पना जोसेफ हेन्री याच्या १८३५ च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. रिलेतही दोन परिपथ विद्युत्‌दृष्ट्या अलग असतात. पंपाच्या स्टार्टरमध्ये याच तत्त्वावरची एक गुंडाळी असते. कारागीर तिला नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. हिरवे बटण दाबले की ही गुंडाळी संपर्क ओढून धरते आणि मोटार चालू राहते. वीज गेली की ती संपर्क सोडून देते. वीज परत आली तरी संपर्क आपोआप जुळत नाही. बटण पुन्हा माणसानेच दाबावे लागते. ही उणीव नव्हे, हेतुपुरस्सर केलेली योजना आहे. वीज गेल्यावर दुरुस्तीसाठी यंत्रात हात घातलेल्या कामगाराच्या हाताखाली यंत्र अचानक फिरू नये, आणि थांबलेली सर्व यंत्रे एकाच क्षणी सुरू होऊन वाहिनीवर भार पडू नये, हा तिच्यामागचा विचार. कारखान्यात बटणाजवळ माणूस उभा असतो, हे त्यात गृहीत धरलेले होते.

महाराष्ट्राच्या शेतीत हे गृहीतक कोलमडले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२६ साली केंद्रोत्सारी पंप तयार केला, तेव्हा मोटेची जागा प्रथम तेलाच्या इंजिनाने घ्यावयाची होती. इंजिनाजवळ माणूस थांबणे अपरिहार्यच असे. विजेच्या मोटारीने ती गरज संपविली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता, १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर विहिरी आणि त्यांवरील वीजपंप यांचा विस्तार वेगाने झाला; आज राज्यातील कृषिपंपांची संख्या चाळीस लाखांहून अधिक आहे. मोटारीपाशी कोणी बसून राहावे असा तिचा स्वभाव नाही. बटण दाबून शेतकरी बाऱ्यावर जातो, दारे धरतो, किंवा घरी परततो. वीज अखंड असेल तोवर यात काही बिघडत नाही.

वीज अखंड राहिली नाही. २००५ ते २०१२ हा काळ महाराष्ट्रातील भारनियमनाचा सर्वांत कठीण काळ होय. विद्युत् मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ रोजी वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले, तेव्हाच मागणी आणि पुरवठा यांतील तफावत वाढत चालली होती. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पाणी उपसावयास वीज आणि वीज निर्मावयास पाणी, असे हे चक्र मराठवाड्याने पुरते अनुभवले. गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी करण्याची योजना याच वर्षांत राबविली गेली. शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशा आळीपाळीने थ्री फेज वीज मिळू लागली. ठरलेल्या पाळीतही ती मधूनच जाई आणि मधूनच येई.

रात्रीच्या पाळीत वीज केव्हा येईल हे पाहण्यासाठी शेतकऱ्याला उठून विहिरीपर्यंत जावे लागे. अंधारातील वाट, साप, काही भागांत बिबट्या, ओल्या जमिनीवर उभे राहून हाताळावयाची लोखंडी पेटी : या जाण्यायेण्यात माणसे दगावली आहेत. ‘वीज आली काय?’ हा प्रश्न ज्या समाजात जिवाशी गाठ घालतो, त्या समाजात त्याचे उत्तर देणारे यंत्र कोणी ना कोणी तयार करणारच. ते झाले. त्याला ‘ऑटो’ किंवा ‘ऑटोस्विच’ म्हणतात. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडलेला हा लहान डबा दाब आला की स्वतःच बटण दाबल्याचे काम करतो. त्यात फारशी विद्या नाही. एक रिले, क्वचित एखादे धारित्र आणि काही रोध. तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानात तो बसवून मिळे.

कारखान्यातील अभियंत्यांनी नो-व्होल्ट कॉइलच्या रूपाने जे रोखून धरले होते, तेच ऑटोने मोकळे केले. याचा परिणाम गणिताने दाखविता येतो. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर साधारणतः साडेसात अँपिअर प्रवाह घेते; थेट सुरू होताना हा प्रवाह क्षणभर सहापट, म्हणजे पंचेचाळीस अँपिअरच्या घरात जातो. खेड्यातील रोहित्र, ज्यास लोक डीपी म्हणतात, ते पुष्कळदा ६३ किंवा १०० केव्हीएचे असते. ६३ केव्हीएच्या रोहित्राचा ४३३ व्होल्टच्या बाजूचा नेमका प्रवाह ८४ अँपिअर होतो. त्यावर दहा मोटारी चालत असतील तर त्यांचा चालता प्रवाह ७५ अँपिअर, म्हणजे रोहित्राच्या आवाक्यातला. त्या दहाही मोटारी एकाच सेकंदास सुरू झाल्या, तर मागणी ४५० अँपिअरवर, नेमक्या क्षमतेच्या पाचपटींहून वर जाते. एवढ्या ओढीने दाब कोसळतो. प्रवर्तन मोटारीचे फिरविण्याचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ऐंशी टक्क्यांवर आला तर बल चौसष्ट टक्केच उरते. मोटारी गती घेऊ शकत नाहीत, सुरुवातीचा मोठा प्रवाह क्षणापुरता न राहता लांबतो आणि मोटारींच्या गुंडाळ्यांबरोबर रोहित्रही तापते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी व मध्यम दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार असू नये असे सांगितले होते. अशा क्षणी वाहिनीच्या शेवटच्या टोकाला त्या नियमाचे काय होत असेल, हे सांगावयास नको. डीपी जळाली की सबंध शिवार अंधारात. ऑटोस्विच काढून टाकावेत आणि कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरणने शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे केले आहे, ते यामुळे.

या आवाहनाकडे केवळ नियमपालनाचा प्रश्न म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एकट्या शेतकऱ्याच्या बाजूने ऑटो हा शहाणपणाचा निर्णय होता. त्याच्या एका मोटारीने रोहित्र जळत नव्हते. रात्रीचा फेरा मात्र निश्चित वाचत होता. सर्वांनी तोच शहाणपणा एकाच वेळी केला म्हणून नुकसान झाले. यंत्राला दाब ओळखता येत होता, शेजारच्या नऊ यंत्रांनीही तो त्याच क्षणी ओळखला आहे, हे कळत नव्हते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. तीन फेजांपैकी एक बंद करून उरलेल्या दोहोंवर गावातील दिवे चालू ठेवण्याची पद्धत विभक्त वाहिन्या येण्यापूर्वी रूढ होती. दोन फेजांवर थ्री फेज मोटार ओढून काढण्यासाठी शेतकरी कंडेन्सर लावून तिसऱ्या फेजचा भास निर्माण करीत. शिवाय चालती मोटार एक फेज तुटल्यावर लगेच थांबत नाही. तिच्या फिरण्यामुळे तुटलेल्या फेजच्या टोकावर मोटार स्वतःच दाब निर्माण करते आणि भार हलका असल्यास तो मूळ दाबाच्या बराच जवळ असतो. अशा वेळी तिसऱ्या टोकाशी दिवा लावला तर दिवा पेटतो, रिले लावला तर रिले ओढला जातो. साधनाच्या लेखी वीज आहे. प्रत्यक्षात ती नाही, आणि उरलेल्या दोन फेजांच्या गुंडाळ्या दुप्पट ओझे वाहत जळत आहेत. दाबाचे अस्तित्व आणि पुरवठ्याचे अस्तित्व या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत तांब्याच्या तारेच्या भावाने शिकला गेला.

येथवर आल्यावर ऑप्टोकप्लर या साधनाकडे वळणे युक्त होईल. मराठीत त्यास प्रकाशयुग्मक म्हणता येईल. त्याच्या पूर्वपीठिकेचा विस्तार करण्याचे कारण नाही. सेलेनियमचा रोध प्रकाशाने बदलतो हे विलोबी स्मिथ याने १८७३ साली नोंदविले. बेल प्रयोगशाळेत जॉन शाइव्ह याने १९४८ साली प्रकाशाने चालणारा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. निर्णायक पाऊल १९६१ सालचे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेत जेम्स बिआर्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या संधीतून अवरक्त प्रकाश बाहेर पडतो असे आढळले. आणि अशा प्रकाशदात्याकडून विद्युत्‌दृष्ट्या अलग असलेल्या अर्धसंवाहक ग्राहकाकडे संकेत पोहोचविता येतो, हेही त्यांनी दाखविले. पुढे हे दोन्ही भाग एकाच काळ्या आवरणात बंद झाले आणि १९७० नंतरच्या दशकात ते बाजारात सर्रास मिळू लागले. चार पायांचा, नखाएवढा, काही रुपयांत मिळणारा हा तुकडा आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मूठभर विकत घेता येतो.

त्याची रचना मागे वर्णिलेल्या दिव्याच्या व डोळ्याच्या जोडीसारखीच आहे. एका बाजूस अवरक्त दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर, मध्ये पारदर्शक निरोधक. नेहमीच्या वापरातील पीसी ८१७ सारख्या तुकड्यात हा निरोधक ५००० व्होल्टपर्यंतचा दाब अडवू शकतो. २३० व्होल्टच्या फेजला तो जोडावयाचा तर दिव्याला स्वतःला जेमतेम सव्वा व्होल्ट लागतो. उरलेला सर्व दाब मालिकेतील रोधांनी घ्यावयाचा असतो. एक लक्ष ओहमचे दोन रोध घेतले तर एक मिलिअँपिअरच्या थोडा वर प्रवाह वाहतो आणि पाव वॅटच्या आसपास उष्णता होते. रोध एकाऐवजी दोन घेण्याचे कारण असे की, २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि लहान रोधांची दाब सोसण्याची मर्यादा त्याहून कमी असते. आणखी एक दक्षता घ्यावी लागते : अवरक्त दिवा उलट दिशेने पाच-सहा व्होल्टच सोसतो, म्हणून उलट्या अर्धचक्रासाठी त्याच्या जोडीला एक डायोड उलटा लावावा लागतो. नवशिक्यांचे पहिले ऑप्टोकप्लर बहुधा हा डायोड विसरल्यामुळेच जाते.

या जोडणीचे दोन गुण पंपाच्या संदर्भात महत्त्वाचे ठरले. पहिला, तिला जवळजवळ एक मिलिअँपिअर प्रवाह लागत असल्यामुळे, निऑनला फसविणाऱ्या क्षीण प्रेरित दाबाने ती फसत नाही. दुसरा गुण अधिक खोलवरचा आहे. दिवा फक्त एकाच अर्धचक्रात पेटतो. त्यामुळे ग्राहकाच्या बाजूस अखंड संकेत न मिळता सेकंदाला पन्नास स्पंद मिळतात, दर वीस मिलिसेकंदांना एक. डोळ्याला हे स्पंद दिसत नाहीत, रिलेला ते कळत नाहीत. त्यांचा अर्थ लावावयास मोजणारे कोणीतरी लागते.

हे मोजणारे म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, ज्यास सर्वत्र मायक्रोकंट्रोलर म्हटले जाते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९७४ साली आणि इंटेलने ८०५१ या नावाने १९८० साली असे तुकडे बाजारात आणले. मराठवाड्यातील अभियांत्रिकी शिक्षणात त्यांचा प्रवेश पुढच्या दशकांत झाला. औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्स अभिकल्पाचे केंद्र शासनाच्या पुढाकाराने उभे राहिले, तेच पुढे नायलिट या नावाने ओळखले जाऊ लागले. पदविका आणि पदवीच्या अखेरच्या वर्षी पंपाचा स्वयंचलित नियंत्रक तयार करणे, हा पुढे ठरीव प्रकल्प होऊन बसला. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनोची सुरुवात झाल्यावर तर तो शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आला. या प्रकल्पांची थट्टा करण्याची प्रवृत्ती अध्यापकवर्गात आढळते. तीत तथ्य आहे, परंतु विद्यार्थ्यांनी तोच विषय पुनःपुन्हा का निवडला, याचे उत्तर त्यांच्या घरच्या विहिरीवर होते, हे त्या थट्टेत विसरले जाते.

स्पंद मोजता येऊ लागल्यावर काय बदलले? तीन फेजांवर तीन ऑप्टोकप्लर लावले, तर त्यांचे स्पंद एकापाठोपाठ सहा पूर्णांक दोन-तृतीयांश मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. क्रम उलटा आला तर फेजांची अदलाबदल झाली आहे आणि मोटार उलटी फिरेल, हे ती फिरण्यापूर्वी कळते. चाळीस मिलिसेकंदांत एकही स्पंद आला नाही, तर ती फेज गेली. अंतर सहा पूर्णांक दोन-तृतीयांशापासून ढळू लागले, तर तिसरा फेज कंडेन्सरने किंवा मोटारीने स्वतः उभा केलेला भास असण्याचा संभव. भरल्या भारावर हा ढळ स्पष्ट दिसतो, हलक्या भारावर अंधुक. म्हणून चांगले नियंत्रक स्पंदांच्या जोडीला मोटारीचा प्रवाहही पाहतात. ऑप्टोकप्लर दाबाचे मूल्य नीट सांगत नाही, हेही नमूद करावयास हवे. त्याच्या दिव्याचे तेज वयाबरोबर आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत कमी होत जाते. एकाच नमुन्याच्या दोन तुकड्यांत प्रवाहाचे गुणोत्तर कित्येक पटींनी वेगळे असू शकते. दाब १८० व्होल्ट आहे की २१० हे ठरविण्यासाठी त्याच्यावर विसंबणे ही चूक होय. त्याचे काम आहे किंवा नाही, आणि केव्हा, एवढे सांगण्याचे.

या ‘केव्हा’तून जे निष्पन्न झाले ते इतिहासदृष्ट्या सर्वांत मोलाचे. ज्याला वीस मिलिसेकंद मोजता येतात, त्याला वीस सेकंद आणि वीस मिनिटेही मोजता येतात. जुन्या ऑटोत धारित्राच्या साहाय्याने थोडा विलंब घालता येई, पण तो सर्व डब्यांत जवळपास सारखाच असे. दहा मोटारी एक मिनिट थांबून पुन्हा एकदमच सुरू होत. मायक्रोकंट्रोलरला प्रत्येक पंपासाठी निराळा विलंब देता येतो, किंवा दर वेळी यादृच्छिक विलंब निवडावयास सांगता येते. पहिल्या मोटारीने पंचेचाळीस अँपिअर ओढून साडेसातवर आल्यानंतर दुसरी उठली, तर रोहित्रावरची कमाल मागणी दहाव्या मोटारीच्या वेळीही नऊ मोटारींचे साडेसदुसष्ट आणि एकीचे पंचेचाळीस, मिळून साधारणतः एकशे साडेबारा अँपिअर राहते, आणि तीही काही क्षण. ४५० कोठे आणि हा आकडा कोठे! पैठणच्या पंपगृहातील पाळीवरचा कर्मचारी जे हाताने आणि अनुभवाने करतो, तेच हे आहे. फरक इतकाच की तेथे एक माणूस सर्व पंप पाहतो आणि येथे प्रत्येक पंपाला शेजाऱ्याचे भान उसने दिलेले असते.

हे भान बाजाराने मात्र सहजी विकत घेतले नाही. विलंब हा गुण ग्राहकाला दोषासारखा वाटतो. शेजाऱ्याची मोटार सुरू झाली आणि आपली अजून थांबली आहे, हे दृश्य पाहून डबा बिघडला असे समजण्यात आले नाही तरच नवल. विहिरीचे पाणी सामाईक असेल तर तो संशय भांडणापर्यंतही जावा. विलंबाचा लाभ रोहित्राला होतो आणि खर्च शेतकऱ्याला सोसावा लागतो, ही विषमता कोणत्याही परिपथाने मिटत नाही.

दरम्यान मोबाइल दूरध्वनीने प्रश्नाला निराळे वळण दिले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या साधनाने शेतकऱ्याला घरबसल्या, दूरध्वनीवरून, पंपापाशी वीज आहे की नाही हे विचारता येऊ लागले आणि पंप चालू-बंद करता येऊ लागला. २००९ साली नोकियाच्या ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’ स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. ऐतिहासिक दृष्टीने यातील विशेष असा की, बटण दाबण्याचा निर्णय पुन्हा माणसाकडे आला. नो-व्होल्ट कॉइलच्या कर्त्यांनी बटणाजवळ गृहीत धरलेला माणूस आता बटणापासून दूर, पण बटणाशी बोलता येईल अशा जागी उभा राहिला. माणसे दहा मोटारी एकाच सेकंदास सुरू करीत नाहीत. त्यांच्या स्वाभाविक दिरंगाईने रोहित्राचे रक्षण होते.

अलीकडच्या वर्षांत हा सर्व प्रश्नच पालटू पाहत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिचे दुसरे पर्व आले. शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यावयाची, हा तिचा उद्देश. २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना जाहीर झाली. ज्या विहिरीवर स्वतंत्र सौरपंप बसला तेथे रात्रीचा फेरा संपला आणि वीज परत येण्याचा क्षणही संपला. सूर्य उगवला की नाही, हे पाहावयास टेस्टर लागत नाही. त्या पंपाच्या नियंत्रकातही पुष्कळदा ऑप्टोकप्लर असते. तेथे ते उच्च दाबाच्या स्विचांना चालविणारे संकेत नियंत्रकापासून अलग ठेवण्याचे काम करते. जेथे शेती अद्याप वाहिनीवर आहे, तेथे पाळ्या आहेत, ऑटो आहेत आणि ते काढण्याची आवाहनेही आहेत. नाथसागराकडील पंपगृहात वीज परतल्यावर पंप आजही एकामागून एक सुरू केले जातात, आणि पुंडलिकनगरच्या जलकुंभाची पातळी त्यानंतर कित्येक तासांनी वर येऊ लागते.